पहिल्या घोटाआधी किल्ली द्या

तुळशीची लग्नं लागली की इंदूरच्या बायपासवरची मॅरेज गार्डनं दिव्यांनी उजळून निघतात. आत बँड, बुफे, फोटोंची रांग. मागे पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे डिकी उघडी ठेवून चार-पाच जणांचा घोळका. डिकीत बर्फाची पिशवी, सोड्याच्या बाटल्या, कागदी ग्लास आणि पुड्यात शेव. लग्नात दारू नको असं यजमानांनी बजावलेलं असतं, म्हणून सोय बाहेर. साडेबारा-एकला हीच मंडळी वधूवरांबरोबर फोटो काढून, हात पुसत, गाडीचं स्टिअरिंग धरतात. शेजारी बायको, मागे पेंगुळलेली मुलं. कोणी काही बोलत नाही. बोललंच तर उत्तर ठरलेलं, "काही नाही होत भिया, रोजचा रस्ता आहे."

दारू प्यावी की नाही हा वाद आज नको. माझं मत न पिण्याच्या बाजूचं आहे, ते सांगून बाजूला ठेवतो. आज बोलायचं आहे ते पिणाऱ्यांशी, त्यांच्या बायकांशी, आईवडिलांशी आणि त्यांना घरी बोलावणाऱ्या यजमानांशी. प्यायल्यावर गाडी चालवायची नाही हे सगळ्यांना पटतं. चूक होते ती वेळेची. हे ठरवायचं असतं संध्याकाळी सातला, घरून निघताना. आपण ते ठरवायला बसतो रात्री साडेबाराला, पार्किंगमध्ये, आणि तेव्हा ठरवणारा माणूस शुद्धीवर नसतो.

१५ सप्टेंबर २०२५ च्या सोमवारी आपल्याच शहरात काय झालं ते आठवा. संध्याकाळची गर्दीची वेळ, एअरपोर्ट रोड. कालानी नगरकडून बडा गणपतीच्या दिशेने एक ट्रक नो-एंट्रीत घुसला आणि माणसं, रिक्षा, दुचाक्या उडवत गेला. एक मोटरसायकल ट्रकखाली अडकून फरफटत गेली, शेवटी ट्रकने पेट घेतला. तिघांचा तरी जीव गेला, कितीतरी जण जखमी झाले. चालक दारूच्या नशेत होता असं पोलिसांनी सांगितलं. पुढे पोलिसांवरही कारवाई झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी त्या ड्रायव्हरला शिव्या होत्या. मला मात्र सारखं वाटत राहिलं की शनिवारी रात्री दोन लार्ज घेऊन पलासियाहून राऊला गाडी नेणारा आपला नातलग आणि तो ड्रायव्हर यांच्यात फरक गाडीच्या वजनाचा आहे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. त्यातली दारूमुळे किती हा आकडा सरकारी अहवालात लहान दिसतो. अपघातानंतर चालकाचं रक्त वेळेवर तपासलं गेलं नाही, तर दारू कागदावर येतच नाही, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

एक लार्ज म्हणजे किती

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १८५ प्रमाणे रक्ताच्या १०० मिलिलीटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, युरोपात बहुतेक ठिकाणी ५०, जपानमध्ये आपल्यासारखीच ३०. लंडनहून सुटीवर आलेला भाचा "आमच्याकडे एक पाइंट चालतो" म्हणाला तर ते तिथलं, इथलं नाही.

आता घरगुती हिशेब करू. आपल्याकडे लार्ज म्हणजे ६० मिली. व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. म्हणजे एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यानेच आकडा ४० च्या आसपास जातो. मर्यादा एका लार्जमध्ये ओलांडली. ५५ किलोच्या बाईच्या शरीरात तोच पेग ६० च्या पुढे नेतो. बिअरला पुष्कळ लोक दारूत धरतच नाहीत. पण आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे दोन लार्ज. पोटात जेवण असेल तर आकडा हळू चढतो, थोडा कमीही राहतो. पण त्याच्या भरवशावर स्टिअरिंग धरता येत नाही.

उतरण्याचा हिशेब अजून महत्त्वाचा, कारण तो कोणी करत नाही. यकृत रक्तातला हा आकडा तासाला साधारण १५ ने खाली आणतं. घाई केली म्हणून ते जास्त काम करत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची आंघोळ, ओकारी काढणं, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाणं, यातल्या कशानेही रक्तातला आकडा खाली येत नाही. कॉफीने झोप जाते, नशा राहते. पान आणि वेलचीने वास झाकला जातो, पण पोलिसांचं मशीन वास घेत नाही, फुप्फुसातल्या खोल हवेतलं अल्कोहोल मोजतं. एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, रात्री बाराला संपवली तर पूर्ण उतरायला सकाळचे आठ वाजतात. सहाला छप्पन दुकानवर पोहे-जिलेबी खायला स्कूटर काढणारा माणूस चार तास झोपून उठलेला असतो, तोंड धुतलेलं असतं, आणि कायद्याच्या दृष्टीने अजून प्यायलेला असतो. ३१ डिसेंबरनंतरची पहाट आणि संगीताच्या रात्रीनंतरची सकाळ या दोन्ही वेळा म्हणूनच जपायच्या.

दारू सगळ्यात आधी काय बिघडवते? पाय लटपटणं, जीभ जड होणं ही नंतरची लक्षणं. आधी जातो तो अंदाज: वेगाचा, अंतराचा, आणि स्वतःचा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी आठ मीटर गेले, म्हणजे दोन मोटारींची लांबी. आणि "मी तर प्यायल्यावर उलट जास्त सावध चालवतो" हे वाक्य म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. नशेने आधी त्याचा तोलमापच काढून घेतलेला असतो.

भांग मशीनवर दिसत नाही म्हणून ती चालते असंही नाही. गाडीवर ताबा राहणार नाही इतका अमली पदार्थाचा अंमल असेल तर कलम १८५ तिथेही लागतं. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर बघायला जाताना दुचाकी घरी ठेवून पायी निघावं. तशीही त्या दिवशी गाडी कुठे लावायला जागा मिळत नाही.

किल्ल्यांचा डबा

मागच्या वर्षी माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न झालं. संगीताच्या रात्री मुलीच्या मामांनी एक गोष्ट केली, ती मी अजून विसरलो नाही. गेटपाशी खुर्ची टाकून ते बसले, मांडीवर स्टीलचा चिवड्याचा रिकामा डबा. आत येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विचारत, "घेणार आहात का? मग किल्ली इथे." किल्लीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर नाव लिहीत. काही जण हसले, एक-दोन जण रागावले. एका भाऊजींनी "माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारलं. मामा म्हणाले, "आत्ता आहे, म्हणून तर आत्ताच मागतोय." रात्री परत देताना ते समोरच्याकडे दोन मिनिटं बघत, दोन शब्द बोलत, आणि पटलं नाही तर डब्याचं झाकण लावून घेत. अकरा किल्ल्या रात्रभर डब्यात राहिल्या. वरच्या हॉलमध्ये गाद्या आधीच घातलेल्या होत्या.

यजमान असाल तर एवढं करता येतं. मामांसारखा, सगळे ज्याला मान देतात असा, न पिणारा एक वडीलधारा गेटवर बसवा. दोन ड्रायव्हर त्या रात्रीपुरते ठरवा. सजावटीच्या खर्चापुढे त्यांचा खर्च कुठेच दिसणार नाही. जेवण लवकर लावा आणि जेवण लागलं की बाटल्या आत ठेवा. "अजून एक, माझ्यासाठी" हा आग्रह आपल्या पाहुणचारातून कायमचा काढून टाका. ज्याला गाडी चालवायची आहे त्याला आग्रह करणं आणि वर किल्ली हातात देणं, हे कायद्यालाही चालत नाही. कलम १८८ प्रमाणे अशा गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याला गुन्हा करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे.

पाहुणे असाल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गाडी नेऊच नका. इंदूरमध्ये ओला, उबर, रॅपिडो रात्रीही मिळतात. बायपासच्या पलीकडच्या गार्डनमधून परतीची गाडी मिळायला वेळ लागतो, तेव्हा रिक्षावाल्याचा नंबर जातानाच घेऊन ठेवा आणि परतीची वेळ सांगून ठेवा. चौघे मिळून जाणार असाल तर त्या रात्री कोण पिणार नाही ते निघण्याआधी ठरवा, आणि त्याने एक घोटही घ्यायचा नाही. "तो सगळ्यांत कमी प्यायलाय, त्याला चालवू दे" हा आपल्याकडचा नेहमीचा तोडगा आहे. सगळ्यांत कमी म्हणजे दोन लार्ज असतात. पावसाळ्यात पातालपाणी, चोरल, जानापावला जाणाऱ्या तरुणांना माझं वेगळं सांगणं आहे. तिथून परतताना घाट, ओला रस्ता, अंधार आणि धुकं असतं आणि रिक्षा नसते. तिथे बाटली न्यायचीच नाही.

मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते बंद झाले. निर्णय चांगल्या हेतूने झाला. पण बसायला जागा राहिली नाही म्हणून काही जण दुकानाबाहेर गाडीतच बसून पितात, हे रात्री कोणत्याही दुकानासमोर उभं राहिलं तर दिसतं. पिणारा माणूस तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवरच असतो, फक्त किल्ली फिरवायची बाकी असते. कायद्याचे शब्द "चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना" असे आहेत. इंजिन सुरू करून गाडी काढायला लागलात की प्रयत्न झाला.

घरच्या बायकांना मी काय सांगू? नवरा प्यायलेला असताना पार्किंगमध्ये वाद घालून उपयोग नसतो, चारचौघांत त्याचा अहंकार दुखावतो आणि गाडी अजून जोरात जाते. तुम्ही गाडीत बसू नका. "मला मळमळतंय, मी मुलांना घेऊन रिक्षाने येते" म्हणा आणि खरंच रिक्षा करा. बहुतेक वेळा तोही मागोमाग येतो. आणि ड्रायव्हिंग शिकून घ्या, लायसन्स काढा. घरात दुसरं माणूस गाडी चालवणारं असणं हा मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

पोलिसांनी हात केला तर

माझ्या मावसभावाच्या मुलाला विजयनगरच्या अलीकडे थांबवलं होतं. रात्रीचा एक वाजत आलेला. त्याने मला नंतर बारीकसारीक सांगितलं: बॅरिकेडचा निळा-लाल दिवा, हवालदाराने प्लास्टिकच्या पुडीतून काढलेली पांढरी नळी, "लंबी फूँक मारो, बीच में रुकना मत" हे दोनदा म्हणणं, मग बीप आणि छोट्या पडद्यावर ६४. दोन लार्ज, पोटभर जेवण, त्याला वाटत होतं सगळं उतरलंय. त्याने पहिला फोन मला केला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, कोणाशी ओळख आहे का?"

आपल्या समाजात हा प्रश्न आपोआप येतो. मी नाही म्हटलं, आणि आजही म्हणेन. त्या क्षणी तुमच्या हातून एक गुन्हा झालेला असतो. ओळख, पैसे किंवा पळ काढणं यातलं काहीही केलंत की दुसरा होतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारासुद्धा थेट गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बॅरिकेड चुकवून गाडी पळवणारे तर समोर उभ्या असलेल्या हवालदाराच्या जिवावरच उठतात.

म्हणून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, गाडीतला दिवा लावा, हात दिसतील असे ठेवा. नळी नवी, पुडीतून काढलेली असावी हे मागायचा तुम्हाला हक्क आहे, नम्रपणे मागा. आकडा स्वतः बघा, मशीनची छापील चिठ्ठी निघते ती मागा. अगदी आत्ताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल तर तोंडातल्या अंशाने आकडा फुगतो. तसं सांगून पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची विनंती करा. फुंकायला नकार देऊ नका. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरता येतो. अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. गुन्हा जामिनाचा आहे. घरी एका माणसाला फोन करा, ज्याला राग आला तरी तो येईल अशा माणसाला.

गाडी जप्त होते आणि प्रकरण न्यायालयात जातं. हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलानासारखे पैसे जागेवर भरून यातून सुटता येत नाही, कारण कलम १८५ तडजोडीच्या यादीत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० होता, तो आकडा अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. रस्ता सुरक्षेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं की दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं. तारखेला स्वतः जा, वेळेआधी जा, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी बरोबर न्या. गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाशी बोला, कारण कबुली म्हणजे दोषसिद्धी आणि पुढच्या वेळी ती मोजली जाते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; १५१०० या नंबरवर विचारा, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक मोफत मदतीला पात्र असतात. तारीख टाळली की वॉरंट निघतं. मावसभावाचा मुलगा दंड भरून आला. तीन महिने सिटी बसने ऑफिसला गेला, आणि त्याच्या वडिलांनी त्या तीन महिन्यांत गाडी झाकूनच ठेवली, स्वतःही चालवली नाही.

आणि माणूस मेला तर

हा भाग लिहिताना हात जड होतो. अपघात झालाच तर थांबा. पळालेला माणूस जखमीच्या वाचण्याची शक्यता बरोबर घेऊन पळतो. १०८ ला फोन करा, ११२ ला करा, जखमीला जवळच्या रुग्णालयात पोचवायची व्यवस्था करा. कलम १३४ प्रमाणे हे चालकाचं कर्तव्यच आहे. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात, हे जखमीच्या नातेवाइकांना सांगा. वाटेवरच्या लोकांनीही घाबरू नये. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही.

आणि जे झालं ते झाकू नका. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर ठार झाले. दोघेही आपल्या मध्य प्रदेशचे, नोकरीसाठी पुण्याला गेलेले. त्या मुलाला निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला म्हणून देश संतापला. पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त सांगायची आहे. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे दोन डॉक्टर अटकेत गेले, मुलाचे वडील गेले, आई गेली. गाडी वडिलांनी चालवली असं दाखवा, ड्रायव्हरला पुढे करा, नमुना बदला, असे सल्ले अपघाताच्या रात्री फोनवर येतात. ते देणारा तुमचा हितचिंतक नाही. त्यामुळे एकाची चूक अख्ख्या घराचा गुन्हा बनते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

शिक्षा किती होते? निष्काळजीपणाने मृत्यू म्हटलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत. पण न्यायालयं आता तेवढ्यावर थांबत नाहीत. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाने दारू घेतली होती. खालच्या न्यायालयाने सहा महिने दिले होते, उच्च न्यायालयाने तीन वर्षं केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कलम लावलं ते निष्काळजीपणाचं नाही, सदोष मनुष्यवधाचं: अशा अवस्थेत असं चालवल्याने माणसं मरू शकतात हे त्याला माहीत होतं. हे वाचल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय तुम्हाआम्हाला उरत नाही.

विम्यावर विसंबू नका. चालक नशेत असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय, आणि तेही रक्ततपासणीचा अहवाल नसताना. मृताच्या कुटुंबाला भरपाई द्यायला लावून ती मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देणारे निकाल आहेत; मग ती रक्कम फेडताना राहतं घर विकावं लागतं. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला तर निलंबित मानला जातो. मुलं परदेशी असतील, जाणार असतील, तर त्यांना हे आवर्जून सांगा: अमेरिकेत नशेत गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, दोषी ठरायची वाट बघितली जात नाही, आणि अर्जात अटकेबद्दल विचारलं जातं तेव्हा लपवणं त्याहून वाईट.

हे सगळं वाचून एखाद्या घरी वाटेल, आमच्याकडे प्रश्न एका रात्रीचा नाही, रोजचा आहे. ठरवूनही दोनवर थांबता येत नाही, सकाळी हात थरथरतात, गाडीला ओरखडे कसे पडले ते आठवत नाही. ही लक्षणं आजाराची आहेत, त्याला शिक्षेइतकीच उपचाराची गरज आहे. नशामुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते आणि नाव विचारत नाहीत. मराठीतून उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. अनिता आणि अनिल अवचटांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. एक धोका सांगून ठेवतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात, डॉक्टरशिवाय दारू तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग बंद.

घरात कोणाशी हे बोलायचं असेल तर तो पिऊन आलेला असताना बोलू नका, त्या वेळचं काहीच त्याच्या कानात शिरत नाही. मुलांसमोर नको, पाहुण्यांसमोर नको. सकाळी, तो शुद्धीवर आणि बहुतेक थोडा शरमलेला असतो, तेव्हा शेजारी बसा आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवून बोला. उद्या सकाळचा चहा ही त्यासाठी चांगली वेळ आहे.